कोकणातल्या गाडीला कोणती सनफिल्म लावावी?

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात सनफिल्म, म्हणजे ऊन अडवायला काचेवर चिकटवायची पातळ फिल्म, घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती काळी हवी?" आणि निवड तिथूनच चुकायला लागते. काच किती काळी दिसते आणि गाडीत किती उष्णता शिरते, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कोकणात तर हा फरक समजून घेतल्याशिवाय फिल्म घेऊच नये. इथे कडक ऊन आहे, खारी हवा आहे, आणि वर्षातले चार महिने धो धो पाऊस आणि अंधारे घाट आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. किनाऱ्यावरच्या गाडीला जवळजवळ पारदर्शक दिसणारी सिरॅमिक फिल्म लावावी, तीही फक्त बाजूच्या दरवाजांना. हे काम घरच्या घरी, अंगणात, नीट जमण्यासारखं आहे. पुढची आणि मागची काच मात्र आहे तशी राहू द्यावी. हे मत कशावरून बनलं ते आता सविस्तर पाहू.

ऊन काचेतून आत कसं येतं

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाची एकूण ऊर्जा १०० भाग धरा. त्यातले ढोबळमानाने ३ ते ५ भाग अतिनील किरणांचे, ४४च्या आसपास भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे आणि उरलेले, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त, अवरक्त किरणांचे असतात. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीला मात्र लगेच कळतात. दुपारी खिडकीशेजारी बसल्यावर दंडाला जे चटके बसतात, त्यात या किरणांचा वाटा मोठा असतो.

स्वस्तातली काळी फिल्म दिसणारा प्रकाश अडवते, म्हणून ती काळी दिसते. अवरक्त किरणांतला बराचसा भाग ती सरळ आत येऊ देते. शिवाय तिने जे शोषलं ते कुठे नाहीसं होत नाही. फिल्म तापते, तिच्यामागची काच तापते आणि ती उष्णता बाहेर जाते तशी आतही येते. गाडी पळत असेल तर बाहेरचा वारा काचेवरची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे बरं वाटतं. गाडी उभी राहिली की हिशेब बदलतो. गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये दुपारभर उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या काळ्या काचेला आतून तळहात लावून पाहा. हात फार वेळ ठेववत नाही.

कुठलीच फिल्म उन्हात उभ्या असलेल्या गाडीला थंड ठेवू शकत नाही. तापलेलं छप्पर, पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर पडणारं ऊन आणि बंद हवा यांच्यामुळे दोन-तीन तासांत गाडी तापणारच. चांगल्या फिल्मने होतं ते असं: अंगावर पडणारं ऊन बोचत नाही आणि एसी सुरू केल्यावर आत लवकर गार होतं. आपल्याकडचा अर्धा त्रास तर दमटपणाचा आहे. घाम वाळत नाही म्हणून जीव नकोसा होतो. हवेतला ओलावा फिल्म कमी करत नाही, ते काम एसीचं. पण उन्हाचा भार उतरला की एसीला ते काम करायला वाव मिळतो.

पुडक्यावरचे आकडे वाचताना

फिल्मच्या पुडक्यावर किंवा कंपनीच्या पत्रकावर चार आकडे असतात. व्हीएलटी म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशातला किती टक्के आत येतो तो आकडा. तो जितका लहान तितकी काच काळी. पुष्कळ जण हे उलटं धरून बसतात. यूव्हीआर म्हणजे अतिनील किरण किती अडतात. बऱ्या कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक फिल्ममध्ये हा आकडा ९९ असतो, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही. तरी फायदा खरा आहे. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते आणि तो थर अतिनील किरण जवळपास सगळे अडवतो. दरवाजांच्या साध्या कडक काचेतून मात्र त्यातले काही आत येतात. ज्यांच्या कातडीला उन्हाचा त्रास आहे त्यांच्यासाठी दरवाजाच्या काचेवर पारदर्शक फिल्म ही खरोखर उपयोगाची गोष्ट आहे.

फसगत होते ती आयआरआर या आकड्यात. अवरक्त किरण किती अडतात, ते हा आकडा सांगतो. पण अवरक्त किरणांचा पट्टा मोठा आहे, साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर. काही विक्रेते त्यातला फक्त ९०० ते १००० नॅनोमीटरचा तुकडा मोजतात, जिथे त्यांची फिल्म सगळ्यात चांगली चालते, आणि "९७ टक्के उष्णता अडवते" असं छापतात. दुकानातला लाल दिवाही याच जातीचा. दिव्यापुढे फिल्मचा नमुना धरतात, मागे हात ठेवायला सांगतात, हाताला काही लागत नाही आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्या दिव्यातून बहुतेक अवरक्त किरणच येतात. उन्हात जवळजवळ निम्मा प्रकाश असतो आणि तोही आत येऊन सीटवर, अंगावर पडला की उष्णताच होतो. त्या दिव्याचा उपयोग एवढाच, की सारख्या व्हीएलटीच्या दोन फिल्म शेजारी धरून तुलना करता येते.

पाहायचा आकडा टीएसईआर, म्हणजे उन्हाची एकूण ऊर्जा किती टक्के बाहेर राहते तो. खोटा दावा पकडायला साधं गणित पुरतं. काच आणि फिल्म मिळून ७० टक्के प्रकाश आत सोडणार असतील, तर ४४ भागांतले जवळपास ३१ भाग प्रकाशासोबतच आत आले. अतिनील आणि अवरक्त किरण शंभर टक्के अडवले असं धरलं, तरी एकूण अडवणूक ६९च्या वर जाऊच शकत नाही. तेव्हा एवढ्या स्वच्छ काचेवर कोणी "९० टक्के उष्णता बंद" म्हणत असेल, तर तो एकूण उष्णतेबद्दल बोलत नाहीये. ७० टक्के प्रकाश सोडणाऱ्या चांगल्या फिल्मचा टीएसईआर ४० ते ५०च्या दरम्यान असतो आणि तो उत्तम समजावा. बरीचशी गडद काळी रंगीत फिल्म अंधार करूनही साधारण तिथपर्यंतच पोचते.

रंगीत, धातूची, कार्बन, सिरॅमिक

फिल्म कुठलीही असो, मूळ पत्रा पॉलिएस्टरचाच असतो, केसाहून पातळ. फरक पडतो तो त्यात उष्णता अडवायला काय घातलंय त्याने.

रंगीत फिल्ममध्ये नुसता रंग असतो. सगळ्यात स्वस्त, लावायला सोपी. पण सूर्यप्रकाशात रंगाचे कण मोडत जातात आणि काही वर्षांत काच जांभळट दिसू लागते. जुनी गाडी विकत घेतलेल्यांना ती जांभळी काच ओळखीची असेल. पुढे गोंद सैल पडून बुडबुडे येतात, ते वेगळंच.

धातूच्या फिल्ममध्ये धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो ऊन परतवतो, त्यामुळे उष्णता चांगली अडते. तरीही कोकणासाठी मी ती कधीच सुचवणार नाही. खाऱ्या, ओल्या हवेत फिल्मच्या कापलेल्या कडेतून धातूचा थर गंजायला लागतो आणि डाग कडेपासून आत सरकत जातात. दुसरं, धातू रेडिओलहरी अडवतो. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. पुढच्या काचेवर धातूची फिल्म असेल तर नाक्यावर टॅग वाचला जाण्यात अडचण येते. जीपीएस आणि मोबाइलचंही तेच. घाटात रेंज आधीच जेमतेम असते, त्यात चारही बाजूंनी धातू लावून ती आणखी कशाला घालवायची?

कार्बन फिल्म या दोन्हीच्या मधली. रंग उडत नाही, गंजत नाही, लहरी अडवत नाही. पण ती मुळात काळसर असते, म्हणून आपल्या कायद्यात बसणं अवघड.

सिरॅमिक फिल्ममध्ये धातूच्या ऑक्साइडचे किंवा तशाच पदार्थांचे अतिसूक्ष्म कण असतात. हे कण अवरक्त किरण अडवतात आणि दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतात. वीजवाहक धातूचा सलग थर नसल्यामुळे मोबाइल, फास्टॅग, जीपीएस यांना त्रास नाही, आणि कडेने गंजायलाही काही नाही. किंमत रंगीत फिल्मच्या कित्येक पट असते. पण आपण फक्त चार दरवाजांच्या काचा करणार आणि मजुरी वाचवणार, तेव्हा वाचलेला पैसा मालात घालावा असं मला मनापासून वाटतं. चांगल्या फिल्मसाठी परदेशी नावांच्याच मागे लागायला हवं असंही नाही. गरवारे हाय-टेक फिल्म्सचे कारखाने आपल्याच छत्रपती संभाजीनगरला आहेत आणि गाड्यांच्या काचांची फिल्म ते देशाबाहेरही पाठवतात.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला. हे टक्के कारखान्यातून आलेल्या काचेचे आहेत आणि त्यावर नंतर कुठल्याही टक्क्याची काळी फिल्म चिकटवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना तेवढी सूट ठेवली. त्या वर्षी रस्तोरस्ती फिल्म ओरबाडून काढल्या गेल्या, ते अनेकांना आठवत असेल.

पुढे नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत नियम १०० मध्ये "सेफ्टी ग्लास"च्या जोडीला "सेफ्टी ग्लेझिंग" आलं. आयएस २५५३, भाग २ या भारतीय मानकात आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही सेफ्टी ग्लेझिंगमध्ये धरली आहे. याच दुरुस्तीचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की असं ग्लेझिंग फक्त गाडी बनवणाऱ्यानेच करावं असं नाही, गाडीच्या मालकालाही करता येईल, अट एवढीच की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळली पाहिजे.

आता हे सगळं महाराष्ट्रात कसं लागू पडतं, ते नीट समजून घ्या. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल वजनदार असतो, पण आपल्याकडच्या यंत्रणेवर तो थेट बंधनकारक नसतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा निकाल पोलिसांना तोंडपाठ आहे. त्यामुळे मर्यादेतली फिल्म लावूनही चलान फाटण्याची शक्यता शून्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय फिल्म जागेवरच काढायला लावतात. हा धोका पत्करायचा की नाही, हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. पत्करायचा असेल, तर फिल्म मर्यादेत आहे याची शंभर टक्के खात्री असल्याशिवाय हात घालू नये.

खात्री कशी करायची, इथेच बहुतेकांची गफलत होते. गाडीची काच काही पूर्ण पारदर्शक नसते. दरवाजाच्या काचेमागे पांढरा कागद धरा, त्यावर फिकट हिरवी झाक दिसेल. अशा काचेतून मुळातच ७० ते ८० टक्क्यांच्या आसपासच प्रकाश येतो. त्यावर फिल्म लावली की एकावर एक दोन गाळण्या ठेवल्यासारखं होतं: पहिलीतून जेवढं उतरलं, तेवढ्यातलंच दुसरीतून गाळून येतं. टक्के वजा करायचे नाहीत, त्यांचा गुणाकार करायचा. काच ७५ आणि फिल्म ७० असेल तर ०.७५ गुणिले ०.७०, म्हणजे ५२.५. बाजूच्या काचेला चालतं. पण "५० टक्केवाली, कायदेशीर आहे" म्हणून दुकानदाराने दिलेली फिल्म त्याच काचेवर लावली तर ३७.५. ती सरळ बेकायदा झाली.

पुढच्या आणि मागच्या काचेला हाच गुणाकार लावून पाहा. काच ७५, फिल्म अगदी ९० टक्के पारदर्शक घेतली तरी उत्तर ६७.५ येतं, ७०च्या खाली. तिथे जागाच उरत नाही. त्या काचांना हात लावू नका म्हणतो त्याचं एक कारण हे.

दुकानात व्हीएलटी मोजायचं छोटं यंत्र असतं. फिल्म घेण्याआधी तुमच्या गाडीची उघडी काच त्यावर मोजून घ्या आणि त्या आकड्यावरून फिल्म ठरवा. बिलावर फिल्मचं नाव, व्हीएलटी आणि मानकाचा उल्लेख मागून घ्या आणि बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. नाव नसलेलं, ऑनलाइन मिळणारं स्वस्त भेंडोळं घेतलं तर यातलं काहीच हातात राहत नाही.

पावसातली रात्र

कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी मी काळ्या फिल्मच्या विरोधातच आहे, आणि त्याचं कारण आपले रस्ते. जुलैत रात्री भोस्ते घाट किंवा परशुराम घाट उतरताना, नाही तर आंबोलीत धुकं उतरलेलं असताना, आरशात पाहायचं म्हणजे बाजूच्या काचेतूनच पाहायचं असतं. बाहेर दिवे नाहीत, काचेवर पाण्याचे ओघळ, समोरून ट्रकचा झोत. अशा वेळी कडेने चालणारा माणूस, बसलेलं जनावर, दिवा नसलेली सायकल आरशात दिसणं हे त्या काचेतून येणाऱ्या जेमतेम प्रकाशावर अवलंबून असतं. त्यातला निम्मा आपणच अडवून ठेवायचा, हे मला पटत नाही. गावातल्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या अरुंद वाटेतून, गाडी मागे घेताना काच खाली करून डोकं बाहेर काढणारे चालक पाहिले की त्यांच्या फिल्मने त्यांना काय दिलं, हा प्रश्न पडतो.

आणखी एक गोष्ट. दरवाजाची कडक काच फुटली की तिचे बारीक दाणे होऊन ती गळून पडते. फिल्म असेल तर दाणे फिल्मला चिकटून राहतात. अपघातात ते बरं, पण पाण्यात अडकलेल्या गाडीतून काच फोडून बाहेर पडायचं असेल तर फुटलेली काच लाथेने बाहेर ढकलावी लागते. २०२१च्या जुलैत चिपळूणला जो पूर आला, त्यानंतर किनाऱ्यावर कोणाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून साधी पातळ फिल्मच घ्या. "सुरक्षेची" म्हणून मिळणारी जाड फिल्म दरवाजांना लावू नका.

कोणत्या काचेपासून सुरुवात

सगळ्या काचांना एकदम फिल्म परवडत नसेल तर आपल्या प्रवासाची दिशा पाहा. मुंबई-गोवा महामार्ग सर्वसाधारणपणे उत्तर-दक्षिण जातो. दुपारनंतर मुंबईहून खाली येताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे चालकाच्या दंडावर ऊन. दुपारनंतर मुंबईकडे जाताना तेच ऊन डावीकडच्या माणसांवर. रत्नागिरी-कोल्हापूरसारख्या पूर्व-पश्चिम रस्त्यांवर सूर्य बराच वेळ पुढून किंवा मागून येतो, तिथे बाजूच्या फिल्मचा फायदा कमी. रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने जाणाऱ्याने आपल्या बाजूच्या दोन काचा केल्या तरी त्याचं काम होतं. फक्त पलीकडच्या पुढच्या दरवाजालाही तीच फिल्म लावा, डावी-उजवी काच वेगळी दिसली की आरसे पाहताना डोळ्यांना त्रास होतो.

पुढच्या काचेसाठी उभ्या गाडीला आतून लावायचा चंदेरी पडदा पुरतो. गाडी सुरू करण्याआधी तो काढायचा, एवढंच.

अंगणात फिल्म लावताना

हे काम करायला दिवाळी ते शिमगा हा काळ सगळ्यात चांगला. पावसात हवेतच इतका ओलावा असतो की काच आणि फिल्म यांच्यातलं पाणी सुकायला फार वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये उलट, काच तापलेली असते आणि फिल्म जागेवर सरकवायच्या आत पाणी उडून जातं. तेव्हा करायचंच असेल तर सकाळी, सावलीत.

दोन शत्रू आहेत, धूळ आणि पाणी. जांभ्याची तांबडी धूळ इतकी बारीक असते की वाऱ्याच्या एका झुळकीने फिल्मवर येऊन बसते, आणि एकदा आत अडकली की कायमची. काम सुरू करण्याआधी अंगणात सडा घाला, गाडी धुऊन घ्या, पंखा लावू नका, लोकर किंवा धागे सुटणारा कपडा अंगावर नको. पाण्याचं म्हणाल तर खाडीकाठच्या, किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते वापरलं तर पाणी सुकतं, पण मीठ आतच राहतं आणि फिल्मखाली पांढरे ठिपके दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच आणा. एक लिटरमध्ये लहान मुलांच्या शाम्पूचे काही थेंब टाकून फवारणीच्या बाटलीत भरा. फिल्म सरकण्यापुरता निसरडेपणा हवा, फेस नको.

जुनी फिल्म असेल तर आधी ती काढा. हेअर ड्रायरने किंवा हीट गनने गरम करत कोपऱ्यापासून सावकाश ओढली तर गोंदासकट निघते. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून ब्लेडने खरवडायचा. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तारा असतात, तिथे ब्लेड अजिबात लावू नका, तार तुटली की ती रेघ गेली.

आता डाव्या पुढच्या दरवाजाची काच घेऊ. दरवाजाच्या आतल्या बटणांवर आणि स्पीकरवर जाड टॉवेल टाका, पाणी तिथेच उतरतं. काच पूर्ण वर असताना बाहेरून पाणी मारा आणि मापाने कापण्यापुरती फिल्म बाहेरच्या बाजूला चिकटवा. संरक्षक पारदर्शक कागद तुमच्याकडे तोंड करून असायला हवा. कुठली बाजू कागदाची हे कळत नसेल तर कोपऱ्यावर दोन्हीकडून चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून ओढा, जी बाजू सुटते ती कागदाची. कडेने काचेच्या आकारात कापा, खाली मात्र दोन इंच जास्त ठेवा, कारण काच दरवाजात आणखी खाली जाते. दरवाजाच्या काचेला थोडा बाक असतो. कड उचलली जात असेल तर हीट गन सतत हलवत, दुरून गरम करून स्क्वीजीने (पाणी ओढायच्या रबरी पट्टीने) दाबा, फिल्म बाकाला बसते. एकाच जागी गन धरली तर फिल्म आकसून चुरगळते.

मग आतली बाजू. काच इंचभर खाली करा म्हणजे वरची कड मोकळी होते. ब्लेडने काच खरवडा, पाणी मारा, स्क्वीजीने ओढा, पुन्हा मारा, पुन्हा ओढा. खालच्या रबराच्या खाचेत वाळू असते, विशेषतः ज्यांची गाडी समुद्रावर जाते त्यांच्या. ती खाच वेगळी धुवा, नाही तर फिल्म खोचताना तीच वाळू वर येते. ओघळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. सगळा दिवस इथे गेला तरी चालेल, पुढचं काम पटकन होतं.

काचेवर भरपूर पाणी मारा, कागद सोलत सोलत गोंदाच्या बाजूवरही पाणी मारत जा. आता घरातल्या कोणालातरी मदतीला बोलवा, चार हात लागतात. वरची कड काचेच्या कडेपासून मिलिमीटरभर खाली ठेवून फिल्म बसवा. मधूनच एक पट्टा दाबून घ्या, मग मधून कडेकडे. वरचं बसलं की काच हळूच पूर्ण वर घ्या, रबर बोटाने मागे ओढून खालचा भाग आत खोचा आणि पाणी खाली ओढून काढा. स्क्वीजीवर सुती फडक्याचा पातळ थर गुंडाळून शेवटचा हात फिरवला की कडेचं पाणी निघून जातं.

पुढची काच मी का टाळायला सांगतो, त्याचं दुसरं कारण इथे कळेल. तिचा बाक दोन्हीकडून असतो, तिला भरपूर उष्णता द्यावी लागते, ती कडक केलेली नसते म्हणून एका जागी जास्त तापली तर तडकू शकते, आणि ओघळणारं पाणी थेट डॅशबोर्डच्या वायरिंगमध्ये जातं. नव्या गाड्यांत तिथे पावसाचा सेन्सर आणि कॅमेराही असतो.

लावल्यावर काचेत धूसरपणा आणि पाण्याचे छोटे फुगवटे दिसतील. ते पाणी आहे, आपोआप जातं. साधारण तीन ते पाच दिवस काच खाली करू नका म्हणतात. आपल्याकडच्या हवेत आठवडा धरा आणि काचेच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा, नाही तर घरातलं कोणीतरी सवयीने दाबतंच. पूर्ण सुकायला महिना लागू शकतो. टोचणीने फुगवटे फोडायला जाऊ नका. महिन्यानंतरही जे टोकदार, कडक उंचवटे राहिले, ती धूळ. एखाददुसरा कोपऱ्यात असेल तर सोडून द्या, डोळ्यांसमोर असेल तर तेवढी काच पुन्हा करा. बाजारातले निळे, अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे आतल्या बाजूला वापरू नका, त्याने फिल्म खराब होते. साधं पाणी, थोडा साबण आणि मऊ मायक्रोफायबर कपडा पुरतो. बाहेरून काचेवर बसणारं मीठ मात्र दर आठवड्याला पाण्याने धुऊन काढा, कारण कोरडं पुसलं की ते रबराच्या खाचेत जातं आणि काच खाली-वर होताना आतल्या फिल्मवर ओरखडे पडतात.